‘ध’चा ‘घ’ कोण करतो?

फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव झाले, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचेही झाले. नाव बदलले की पाट्या बदलतात. कचेऱ्या, शाळा, बँका, दवाखाने, एसटी गाड्या, रस्त्याकडेचे फलक, दुकानांचे बोर्ड, या सगळ्यांवर एक शब्द नव्याने लिहायची वेळ आली. असा प्रसंग एखाद्या जिल्ह्यावर क्वचितच येतो, आणि तो आला की अक्षरांच्या घडणीचा वाद पुस्तकी राहत नाही. तो पत्र्यावर उतरतो.

वाद आहे ठळक भौमितिक अक्षरांचा. जाड, सर्वत्र सारख्या जाडीची, टोकांना कसलाही फराटा नसलेली, वर्तुळ आणि सरळ रेघ यांतून उभारलेली ही अक्षरे. छपाईच्या व्यवहारात त्यांना जिओमेट्रिक सॅन्स म्हणतात. सुलेखन करणारे, कलाशिक्षक आणि जुन्या छपाईवर जीव असलेले वाचक यांच्यात एक मत घट्ट रुजले आहे : ही अक्षरे देवनागरीची नव्हेत, ती रोमनची नक्कल आहेत आणि नावाच्या पाटीवर त्यांना जागा नसावी. हे मत आदरणीय माणसांचे आहे, तरीही ते चुकीचे आहे. शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष

देवनागरीचे वळण बोरूने घडवले. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. ते कागदावर ठरावीक कोनात धरले की एका दिशेची रेघ जाड उमटते, दुसऱ्या दिशेची बारीक. पूर्वपक्षाच्या मते हा जाड-बारीकपणा अक्षराचा कणाच आहे. हात कुठून निघाला, कुठे वळला, कुठे सुटला, हे वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्यातूनच कळते. जावजी दादाजी चौधरी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात हे वळण धातूत आणले. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या ठसे कापणाऱ्या कारागिरांनी त्यात जी अदब ओतली, तिच्यामुळे निर्णयसागरची पुस्तके आजही डोळ्यांना निववतात.

याउलट सारख्या जाडीची भौमितिक अक्षरे युरोपच्या यंत्रयुगातून आली. पाउल रेनर यांचा १९२७ चा ‘फुतुरा’ हा त्यांचा मूळपुरुष. तो साचा देवनागरीवर लादला की चार अपाय होतात, असे पूर्वपक्ष म्हणतो. पहिला, लिपीला परके रूप येते. दुसरा, कंपास-पट्टीने काढलेले अक्षर निर्जीव होते. तिसरा, जाडपणामुळे अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या बुजतात आणि ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ होतो. चौथा, गावोगावच्या पाट्या एका छापाच्या होतात आणि पेंटरचा हात नाहीसा होतो.

निर्णयसागरच्या अक्षरांबद्दल पूर्वपक्ष जे सांगतो ते मला अक्षरशः मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र एकेक करून तपासू.

परकेपणाचा आरोप

व्याख्येची पहिली कसोटी अव्याप्ती. जी व्याख्या आपल्या विषयाचाच मोठा भाग बाहेर ठेवते, ती सदोष. ‘देवनागरी म्हणजे बोरूचे वळण’ ही व्याख्या या कसोटीवर टिकत नाही.

देवनागरी ब्राह्मीच्या कुळातली आहे, हे पूर्वपक्षही नाकारणार नाही. मग ब्राह्मी कशी होती? अशोकाचे शिलालेख पाहा, जुन्नरजवळच्या नाणेघाटातला नागनिकेचा लेख पाहा. छिन्नीने कोरलेली, जवळजवळ सारख्या जाडीची रेघ. ‘ठ’ म्हणजे पूर्ण वर्तुळ. ‘थ’ म्हणजे वर्तुळ आणि मध्ये ठिपका. ‘ट’ म्हणजे अर्धवर्तुळ. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह. ‘ग’ म्हणजे दोन रेघांचा कोन. आता ज्या नावाच्या पाट्यांवरून हा वाद पेटला, त्या नावातलीच अक्षरे ब्राह्मीत मांडा. ‘ध’ हे अर्धवर्तुळ आणि त्याला बंद करणारी उभी रेघ. ‘र’ ही नुसती उभी रेघ. ‘श’ बाणाच्या टोकासारखा. ‘व’ हे वर्तुळ आणि त्याच्या माथ्यावर उभी रेघ. वर्तुळ, अर्धवर्तुळ, सरळ रेघ, कोन; जाडी सगळीकडे सारखी. ही भूमिती फुतुराच्या दोन हजार वर्षे आधीची आहे. ती युरोपातून आली, असे कोण म्हणेल?

आणि यासाठी नाणेघाटापर्यंत जायलाही नको. याच जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणच्या जोडीने त्याचे नाव येते. दोन्ही गावांचा माल गाड्यांनी भडोच बंदराला जाई. तेरच्या उत्खननात सातवाहनांची नाणी निघाली, आणि सातवाहनांच्या नाण्यांवरचा मजकूर ब्राह्मीतला आहे. ठशाने पाडलेले, सारख्या जाडीचे, बोरूचा स्पर्शही नसलेले अक्षर या जिल्ह्यात देवनागरीच्या कित्येक शतके आधी हातोहात फिरत होते.

पूर्वपक्ष यावर म्हणेल : ब्राह्मीनंतर लेखणीचा प्रभाव वाढला, अक्षरांना माथे आले, वळणे आली, आणि देवनागरी त्या बदलातून जन्मली. अगदी खरे. पण हा युक्तिवाद कोणाच्या बाजूने जातो? हत्यार बदलले की वळण बदलते आणि लिपी तरीही टिकते, हेच त्यातून सिद्ध होते. छिन्नीनंतर लेखणी आली तेव्हा जर लिपी परकी झाली नाही, तर लेखणीनंतर दुसरे काही आले म्हणून ती परकी कशी होईल?

मराठीने तर हा अनुभव वारंवार घेतला आहे. बाळबोधीत शब्द लिहून मग शिरोरेघ ओढतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत. भाषा एक, वळणे दोन, हाताची चाल उलटसुलट. पोथीसाठी एक, दप्तरासाठी दुसरे. धातूचे खिळे आले तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी त्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला, कारण बोरूला न पडलेला प्रश्न छापखान्याला पडला होता. संगणक आला तेव्हा मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला तो र. कृ. जोशी यांनी. सुलेखनात त्यांच्या अधिकाराबद्दल दुमत नाही. बोरूचे सामर्थ्य ज्यांना पुरते ठाऊक होते, त्यांनीच पडद्यासाठी जाड-बारीकचा फरक अगदी कमी ठेवला. हा बोरूचा अपमान होता काय? जागा ओळखून हत्यार निवडणे होते.

सर्वांत साधा पुरावा प्रत्येक वाचकाच्या बालपणात आहे. महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पहिले अक्षर कशाने गिरवले? पाटीवर, पेन्सिलीने. पाटीच्या पेन्सिलीची रेघ वर जाताना जेवढी, खाली येताना तेवढीच. पुढे हातात येतो तो बॉलपेन, त्याचेही तेच. मग पाटीवरचा ‘अ’ देवनागरी नव्हता? बोरूच्या व्याख्येने तोही बाद होतो. जी व्याख्या मुळाक्षरे गिरवणाऱ्या पोराला लिपीबाहेर काढते, ती मोडीत काढलेलीच बरी.

राहिला फुतुरा. जर्मनीत फुतुरा आला तेव्हा त्यालाही हाच आरोप सोसावा लागला. रुंद टोकाच्या लेखणीतून आलेली गॉथिक अक्षरे हीच खरी जर्मन, असा तिथल्या राष्ट्रवाद्यांचा आग्रह होता. रेनर यांनी नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका केली; १९३३ मध्ये त्यांना अटक झाली, नोकरी गेली. आणि १९४१ मध्ये त्याच राजवटीने ती ‘राष्ट्रीय’ गॉथिक अक्षरे स्वतःच मोडीत काढली. आपल्याकडच्या पूर्वपक्षाचा त्या राजकारणाशी सुतराम संबंध नाही, हे स्पष्ट नोंदवतो. मुद्दा तर्काचा आहे. लिपीचे स्वत्व लेखणीच्या टोकाला बांधले की ते किती तकलादू ठरते, ते तिथे दिसले. आणखी एक गोष्ट. फुतुराच्या मोठ्या अक्षरांची प्रमाणे रेनर यांनी प्राचीन रोमन शिलालेखांवरून घेतली. ज्याला सगळे नवे म्हणत होते, ते आपल्या लिपीच्या सर्वांत जुन्या दगडाकडे गेले होते.

निर्जीवपणाचा आरोप

या आरोपामागे एक समजूत आहे : भौमितिक अक्षर कंपास-पट्टीने काढतात. ही समजूत खोटी आहे.

नुसत्या कंपासने काढलेले अक्षर डोळ्याला वाकडे दिसते. चौकोनाच्या उंचीचेच वर्तुळ काढले तर ते चौकोनापेक्षा बुटके भासते. म्हणून ते वरखाली किंचित बाहेर काढावे लागते. आडवी आणि उभी रेघ मोजून सारखी ठेवली तर आडवी जाड वाटते. म्हणून ती थोडी बारीक करावी लागते. दोन रेघा जिथे मिळतात तिथे काळा ठिपका साचल्यासारखा दिसतो. म्हणून सांध्याजवळ रेघ उतरती करावी लागते. फुतुरातही हे सगळे आहे. ‘भौमितिक’ हे या अक्षरांच्या भासाचे नाव आहे. तो भास उभा करायला कसलेला डोळा आणि सरावलेला हातच लागतो.

देवनागरीतले ठळक उदाहरण ‘पॉपिन्स’चे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फॉन्ट २०१४ चा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. शुद्ध वर्तुळावर बेतलेली आणि अनेक जाड्यांत उपलब्ध असलेली ही या घराण्यातली पहिली देवनागरी. आज ती अतिबारीकपासून अतिजाडपर्यंत नऊ जाड्यांत मिळते. तिचा ठळक ‘व’ मोठा करून पाहा. पोटाची कमान दांड्याला जिथे भिडते, तिथे रेघ हळूच निमुळती केली आहे. तसे केले नसते तर सांध्यात काळोख झाला असता. हा निर्णय कंपासने घेतला नाही. माणसाने घेतला, एका अक्षरासाठी नव्हे तर शेकडो अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रांसाठी, तोही प्रत्येक जाडीत पुन्हा. यात हात दिसत नसेल, तर पाहणाऱ्याने हाताची व्याख्या फार आखूड केली आहे.

इथे एक भेद सांगायला हवा, कारण पूर्वपक्षात तो वारंवार पुसला जातो. सारखी जाडी वेगळी आणि भूमिती वेगळी. मुंबईच्या एक टाइप या गटातल्या गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा ‘मुक्त’ हा फॉन्ट सारख्या जाडीचा आहे, पण त्याची वळणे हाताच्या लिखाणाशी नाते राखतात. त्याच गटाचा, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ इतका जाड आहे की त्याच्या पोटात पोकळीऐवजी नुसती पांढरी फट उरते. तो मोठ्या आकारातल्या मथळ्यांसाठीच केला आहे. या सगळ्यांना एकाच काठीने हाकणे ही समीक्षा नव्हे. निर्णयसागरची दोन वळणे कोणी अशी सरमिसळ केली असती तर पूर्वपक्षाने त्याला अडाणी ठरवले असते. आणि बरोबरच केले असते.

दुर्वाच्यतेचा आरोप

चार आरोपांतला हा सर्वांत भक्कम. त्याला पूर्ण वजन देऊन उत्तर देतो, आणि पुरावा याच जिल्ह्यातल्या नावांचा घेतो.

‘धाराशिव’मधला ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक किती? ‘घ’वर शिरोरेघ सलग जाते, ‘ध’च्या डाव्या अंगाला ती तुटते आणि तिथे छोटी गाठ वळते. ती फट म्हणजेच ‘ध’ची ओळख. जाडी वाढली आणि फट तेवढीच राहिली, तर चार पावलांवरून ‘घाराशिव’ वाचले जाईल. ‘भूम’ तर या परीक्षेचा कळस. ‘भ’ आणि ‘म’ शेजारी शेजारी, आणि फरक पुन्हा त्या डाव्या फटीचा आणि गाठीचा. फट बुजली की ‘मूम’. ‘कळंब’मध्ये ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ दिसली नाही तर ‘कळंव’, आणि वरचा अनुस्वार शिरोरेघेला चिकटला तर तोही गेला. ‘तुळजापूर’मध्ये दोन उकार ओळीखाली उतरतात, खाली जागा ठेवली नाही तर ते चौकटीवर आपटतात. आठ तालुक्यांच्या नावांत एवढे सापळे आहेत. पूर्वपक्षाने दाखवलेला धोका काल्पनिक नाही.

पण धोका कुठून येतो? जाडी वाढवताना बाकी काहीच न बदलण्यातून. चांगला आरेखक जाडी वाढवतो तेव्हा अक्षर रुंद करतो, ‘ध’ची फट मोठी करतो, ‘ब’च्या पोटातली रेघ बाहेरच्या रेघेपेक्षा बारीक करतो, शिरोरेघ दांड्यापेक्षा हलकी ठेवतो आणि अनुस्वार उचलून वर नेतो. वाईट आरेखक यांतले काही करत नाही. वाईट उदाहरणे दाखवून जातच वाईट ठरवणे हा हेत्वाभास आहे. बोरूच्या वळणाची वाईट अक्षरे जुन्या पंचांगांत आणि लग्नपत्रिकांत ढिगाने सापडतात. त्यांच्यावरून कोणी बोरूला दोषी ठरवले काय?

पुढचा प्रश्न अधिक टोकदार आहे. जाड-बारीक वळणाचे अक्षर ठळक केले तर काय होते? जाड रेघ फुगते, बारीक रेघ तेवढीच राहते. म्हणजे पोकळी बुजते ती बुजतेच, वर बारीक रेघ लांबून दिसेनाशी होते. पुस्तकाच्या पानावर, हातभर अंतरावर, तीच बारीक रेघ सौंदर्याची खूण असते. पन्नास मीटरवर ती उरत नाही. मराठवाड्याच्या उन्हात रंग विटतो, धूळ बसते, पत्रा पोचतो. आधी जाते ती बारीक रेघ. मग ‘फट बुजते’ हा आरोप केवळ भौमितिक अक्षरावर का? दोन्ही वळणांना हा रोग होतो. बोरूच्या वळणाला त्याशिवाय दुसराही होतो.

वेगाचाही हिशोब मांडू. सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. फलक दिसणे, वाचणे, वळायचे की नाही ते ठरवणे, यात चार सेकंद गेले तर गाडी जवळपास ९० मीटर सरकली. त्या अवधीत डोळ्याला अक्षराच्या वळणाचे लालित्य नको असते. सांगाडा हवा असतो. म्हाताऱ्या माणसाला, चष्मा घरी राहिलेल्याला, नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्याला तर तो आणखीच हवा असतो. ठळक, उघड्या पोटाचे, सारख्या जाडीचे अक्षर हा सांगाडा देते.

इथेच माझ्या पक्षाची मर्यादाही सांगतो. रात्री गाडीच्या दिव्यांत चमकणाऱ्या फलकावर उजेड अक्षराच्या कडांबाहेर सांडतो आणि पांढरे अक्षर आहे त्याहून जाड भासते. तिथे अतिजाड अक्षर घातकच. एक-दोन पायऱ्या हलके घ्यावे लागते. पण हा जाडीच्या मात्रेचा प्रश्न आहे. भूमितीला तो लागू होत नाही. एसटीच्या काही गाड्यांवर आता ठिपक्यांच्या दिव्यांची पाटी असते. त्या मोजक्या ठिपक्यांच्या जाळीत बोरूचे जाड-बारीक उमटवायला जागाच नाही. तिथे सारखी जाडी ही आवडनिवड राहत नाही, अट होते.

एकसारखेपणाचा आरोप

गावोगावच्या पाट्या एकाच छापाच्या होत आहेत, ही खंत खरी आहे आणि ती मलाही आहे. पण आरोपी चुकीचा पकडला आहे.

फ्लेक्सच्या दुकानात काय होते ते पाहा. नाव लांब, जागा अरुंद. ऑपरेटर संगणकावर शब्द निवडतो आणि माउसने दोन्ही बाजूंनी दाबतो. शब्द बसतो, अक्षर मरते. वर्तुळाचे अंडे होते. उभा दांडा बारीक होतो, आडवी शिरोरेघ मात्र होती तेवढीच राहते, म्हणजे आरेखकाने ज्या रेघेला मुद्दाम हलके ठेवले तीच आता सर्वांत जाड दिसते. ‘ध’ची फट चिणली जाते. आणि मग पाहणारा म्हणतो, बघा, ही भौमितिक अक्षरे. ती भौमितिक राहिलेलीच नसतात. अरुंद जागेसाठी मुळातच अरुंद घडवलेले देवनागरी फॉन्ट आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचेच ‘खंड’ आणि ‘टेको’ मोफत मिळतात. ते न वापरता रुंद अक्षराला चिरडणे हा वापरणाऱ्याचा दोष आहे.

आणि पेंटरचा हात? पेंटरची जुनी पाटी आठवा. आधी दोरी मारून दोन समांतर रेघा, मधल्या जागेची वाटणी, मग चपट्या ब्रशने भरलेली जाड, भरीव अक्षरे. ट्रकच्या फाळक्यावर, शाळेच्या भिंतीवर, एसटीच्या पाटीवर तो बोरूचे वळण काढत नव्हता. रुंदी मोजून, पट्टी धरून, ब्लॉक अक्षर उभे करत होता. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षके आठवा. ती लिहिलेली अक्षरे नव्हेत, रेखाटलेली आहेत. प्रत्येक नाटकाला वेगळा घाट, आणि एकाही शीर्षकाला मराठी रसिकाने परके म्हटले नाही. रेखाटलेल्या, बांधलेल्या ठळक अक्षराची परंपरा मराठीत आहे आणि ती दांडगी आहे. भौमितिक फॉन्ट तिचा वारस आहे. वारसालाच घुसखोर ठरवणे हा न्याय नव्हे.

मंडन

खंडन झाले. आता माझा पक्ष काय आहे ते स्वच्छ सांगतो, म्हणजे त्याचेही खंडन करता येईल.

ठळक भौमितिक अक्षर सगळीकडे वापरावे, असे मी म्हणत नाही. कादंबरीचे पान त्यात लावू नये. दहाव्या ओळीला डोळा शिणतो. पोथी, कवितासंग्रह, दीर्घ निबंध यांना जाड-बारीक वळणच शोभते आणि सोसते. तिथे निर्णयसागरच्या परंपरेला पर्याय नाही. पण दुरून, क्षणात, एकेक शब्द वाचायचा असतो तिथे, म्हणजे गावाच्या नावाचा फलक, बसची पाटी, दवाखान्यातला दिशादर्शक, कचेरीची खिडकी, बातमीचा मथळा, तिथे या अक्षराचा हक्क पहिला आहे.

दुसरे कारण कायद्याचे आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहान-मोठ्या सर्व दुकानांच्या पाट्यांवर देवनागरी मराठी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असू नये, अशी अट आली. मोजपट्टीने ही अट पाळता येते, डोळ्याने मोडता येते. रोमनच्या मोठ्या अक्षरांना वर मात्रा नाही, खाली उकार नाही. ती पट्टीची पुरी उंची व्यापतात. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार एवढे सगळे त्याच उंचीत बसवावे लागते, म्हणून मूळ अक्षर आक्रसते. संगणकात दोघांचा आकडा एकच, पाटीवर मराठी मात्र दबलेली. यावर उपाय एकच : दोन्ही लिपी एकत्र घडवलेला फॉन्ट. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षराची मूळ उंची रोमनच्या उंच छोट्या अक्षरांएवढी ठेवली आहे आणि रोमनची मोठी अक्षरे त्याहून बुटकी केली आहेत. मराठी तिथे पाहुण्यासारखी बसत नाही, घरधनी म्हणून बसते. ज्या घडणीवर रोमनच्या गुलामीचा आरोप आहे, तिनेच देवनागरीला रोमनपेक्षा चढे स्थान दिले, याची पूर्वपक्षाने दखल घ्यावी.

माझ्या पक्षाला एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल, आणि ती मी आनंदाने करतो. देवनागरीचे कित्येक फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी रूपे आधी देतात. मराठी रूपे असलीच तर भाषा निवडल्याशिवाय उमटत नाहीत. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात या दोन अक्षरांची मराठी रूपे ठरवून दिली आहेत. ‘धाराशिव’मध्ये ‘श’ आहे, ‘लोहारा’मध्ये ‘ल’. भौमितिक अक्षर वापरणाऱ्याने इथे ढिलाई केली तर परकेपणाचा आरोप त्याच्यावर खुशाल ठेवावा. फक्त तो परकेपणा रेघेच्या जाडीत नसतो, रूपाच्या निवडीत असतो. पूर्वपक्षाने आपली तळमळ या जागी लावली तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

म्हणजे लढाईची जागाच बदलायला हवी. बोरू की कंपास, हा प्रश्न निकालात निघाला. खरा प्रश्न असा : पाटी बनवून घेणारा अक्षराबद्दल काही सांगतो काय? फलकाच्या कंत्राटात पत्र्याची जाडी लिहिलेली असते, खांबाची उंची लिहिलेली असते, रंगाचा दर्जा लिहिलेला असतो. अक्षराबद्दल बहुधा फक्त ‘मराठीत’ एवढेच. तिथे आणखी चार ओळी घाला. फॉन्ट कोणता आणि कोणत्या जाडीचा, ते लिहा. अक्षर आडवे किंवा उभे दाबायचे नाही, ते लिहा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी रूपातच हवेत, ते लिहा. आणि पाटी ज्या अंतरावरून वाचायची आहे, त्या अंतरावरून ‘ध’ ‘ध’ आणि ‘भ’ ‘भ’ वाचला गेल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही, तेही लिहा. अक्षराच्या घराण्यावर भांडून एकही पाटी सुधारणार नाही. या चार ओळींनी आठही तालुक्यांच्या सुधारतील.